जुन्या गाडीचा हॉर्न मुका झाला, तर खर्च किती?

नागपूरहून कारंजामार्गे मालेगाव-मेहकरकडे जाणारा जुना महामार्ग आणि अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला एकमेकांना छेदतात. चौकात ट्रॅक्टर-ट्रॉली, एसटी, मालाने भरलेले पिकअप, मध्येच रस्ता ओलांडणारी जनावरं आणि माणसं. इथून पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा पहिल्या पिढीतली मारुती ८०० चालवायची, तर हॉर्न ठणठणीत असावाच लागतो. या गाड्यांचे ब्रेक आजच्या गाड्यांसारखे जागच्या जागी धरत नाहीत, त्यामुळे समोरच्याला वेळेवर सावध करणं ही त्यांची मोठी गरज आहे.

जुन्या गाडीचा हॉर्न बंद पडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा हॉर्नमध्ये नसतोच. तो स्टेअरिंगच्या चाकाआड, एखाद्या घासलेल्या ब्रशमध्ये, गंजलेल्या अर्थमध्ये किंवा सैल फ्यूजमध्ये असतो. त्याची दुरुस्ती शंभर ते आठशे रुपयांत होते. तरीही अनेकांचं बिल दीड-दोन हजारांवर जातं. कारण सरळ आहे: आधी नवा हॉर्न बसतो, तो वाजत नाही म्हणून रिले बसतो, मग स्टेअरिंग उघडलं जातं आणि खरा दोष शेवटी सापडतो. ग्राहकाने पैसे मात्र चारही कामांचे मोजलेले असतात. म्हणून या लेखात दरांइतकाच भर तपासणीच्या क्रमावर दिला आहे. क्रम बरोबर असेल तर खर्च आपोआप आटोक्यात राहतो.

करंटचा रस्ता

बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजमधून हॉर्नपर्यंत येतो. बहुतेक जुन्या गाड्यांत हॉर्नला करंट कायम पोचलेला असतो, कमी असतो तो अर्थ. हॉर्नच्या दुसऱ्या टोकाची वायर स्टेअरिंगच्या कॉलममधून वर जाते आणि बटण दाबलं की ती गाडीच्या बॉडीला जोडली जाते. सर्किट पूर्ण झालं, हॉर्न वाजला. म्हणजे बटण करंट देत नाही, अर्थ देतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची सगळी तपासणी सोपी होते.

अडचण अशी की चाक फिरतं आणि कॉलम जागेवर असतो. फिरत्या चाकातून वायर नेली तर ती पिळून तुटेल. म्हणून चाकाच्या मागच्या बाजूला पितळेची गोल रिंग बसवतात आणि कॉलमच्या बाजूला स्प्रिंगवर टेकलेला कार्बनचा किंवा पितळेचा छोटा ब्रश ठेवतात. चाक कुठेही वळलं तरी ब्रश रिंगवर घासत राहतो आणि संपर्क टिकतो. काही मॉडेलांत रचना उलटी असते, म्हणजे रिंग कॉलमवर आणि ब्रश चाकात. तत्त्व तेच.

दोन हॉर्नची जोडी, एक हाय टोन आणि एक लो टोन, मिळून साधारण आठ ते दहा अँपिअर करंट घेते. गाडीत रिले नसेल तर हा सगळा भार त्या नखाएवढ्या ब्रशवरून आणि बटणाच्या पातळ पत्र्यावरून जातो. प्रत्येक वेळी बारीक ठिणगी उडते, पितळ काळं पडतं आणि काही वर्षांनी संपर्क मरतो. रिले असेल तर बटणावरून फक्त रिलेच्या कॉईलचा किरकोळ करंट जातो आणि मोठा भार रिले उचलतो. तुमच्या गाडीत रिले नसेल तर तो बसवून घेणं, हा या लेखातला पैशाला सर्वाधिक मोल देणारा सल्ला आहे.

गॅरेजमध्ये जाण्याआधी

घरच्या अंगणात वीस-पंचवीस मिनिटं दिली तर निम्मं निदान होतं. लागेल ते सामान थोडं आहे: एक टेस्टिंग बल्ब, दोन मीटर वायर, बारीक पॉलिश पेपर आणि बटण दाबायला घरातलं कोणीतरी. बारा व्होल्टचा टेस्टिंग बल्ब पन्नास ते दीडशे रुपयांत मिळतो. साधा डिजिटल मल्टिमीटर दोनशे ते पाचशेत येतो आणि जुनी गाडी सांभाळणाऱ्याच्या घरी तो असायलाच हवा.

आधी किल्ली ऑन करून बटण दाबा. काही गाड्यांत हॉर्न किल्लीशिवाय वाजतो, काहींत किल्ली लागते, आणि अलीकडेच गाडी विकत घेतलेल्या माणसाला हे माहीत नसतं. मग हेडलाइट लावून बघा. ते मंद असतील तर बॅटरी किंवा तिची टोकं बघा, हॉर्नच्या मागे लागू नका.

त्यानंतर फ्यूज. फियाट घराण्यातल्या जुन्या गाड्यांत चिनी मातीच्या अंगावर धातूची पट्टी असलेले, दोन्ही टोकांना निमुळते फ्यूज असतात. पावसाळ्यातल्या दमट हवेने त्यांच्या टोकांवर आणि धरणाऱ्या पत्तीवर पांढरट-हिरवा थर धरतो. फ्यूज उडालेला नसतो, पण करंटही पुढे जात नाही. फ्यूज जागच्या जागी बोटाने दोन-चार वेळा फिरवा. थर खरवडला जातो आणि पुष्कळदा हॉर्न तिथेच वाजू लागतो. खर्च शून्य. नंतर फुरसतीने पत्त्या पॉलिश पेपरने साफ करून किंचित आत वाकवा, म्हणजे पकड घट्ट होईल. फ्यूज खरोखरच उडाला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा जाड तार गुंडाळून काम चालवणं म्हणजे पन्नास वर्षांच्या कापडी-रबरी वायरिंगला आग लावण्याची सोय करणं होय.

फ्यूज ठीक असेल तर बॉनेट उघडा. हॉर्नच्या दोन्ही वायर काढा, त्याचं एक टोक वेगळ्या वायरने बॉडीला जोडा आणि दुसऱ्या टोकाला बॅटरीकडून फ्यूज लावलेल्या वायरने थेट करंट द्या. वायर आधी बॅटरीला पक्की जोडा आणि शेवटचा स्पर्श हॉर्नकडे करा, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब राहील. हॉर्न वाजला तर तो चांगला आहे. इथून पुढे कोणी नवा हॉर्न घ्या म्हटलं तर नाही म्हणा. वाजला नाही किंवा नुसता टक् असा आवाज आला, तर हॉर्नच्या पाठीला पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकून पुन्हा करंट द्या. आतले पॉइंट चिकटलेले असतील तर सुटतात.

आता वायर परत जोडा आणि टेस्टिंग बल्बने बघा, हॉर्नला करंट पोचतो का. पोचत असेल तर स्टेअरिंगकडे जाणाऱ्या वायरचं टोक हॉर्नवरून काढा आणि हॉर्नचं ते टोक एका वेगळ्या वायरने बॉडीच्या स्वच्छ, बिनरंगाच्या जागी टेकवा. गाडीत रिले असेल तर हाच प्रयोग रिलेच्या बटणाकडे जाणाऱ्या टोकावर करायचा. हॉर्न खणखणीत वाजला, की दोष कॉलम ते बटण एवढ्याच भागात आहे हे पक्कं झालं.

हे एवढं केलं की मिस्तरीशी बोलणंच बदलतं. नुसतं “हॉर्न वाजून नाही राहिला” म्हटलं तर समोरच्याला सगळी गाडी तपासावी लागते, नाहीतर अंदाजाने पार्ट बदलावे लागतात. त्याऐवजी “दादा, डायरेक्ट दिला तर वाजते, अर्थ दिला तरी वाजते, फक्त बटणावर वाजून नाही राहिला” असं सांगा. या एका वाक्याने चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सरळ स्टेअरिंगकडे वळतो आणि ग्राहकाला गाडी कळते हेही त्याला समजतं.

एक सावधगिरी. काही जुन्या ॲम्बेसेडरना प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं. हॉर्नला त्याने फरक पडत नाही, पण डायोड असलेला आजचा रिले किंवा एलईडीचा टेस्टर उलटा लागला तर जळतो किंवा चुकीचं दाखवतो. बॅटरीची कोणती वायर बॉडीवर गेली आहे, हे आधी डोळ्यांनी बघा. त्याहून जुन्या, सहा व्होल्टच्या जीप वगैरे असतील तर त्यांना बारा व्होल्टचा हॉर्न चालत नाही.

चाकाच्या आत

ज्या गाडीच्या स्टेअरिंगवर एअरबॅगची खूण किंवा एसआरएस ही अक्षरं आहेत, तिचं पॅड घरी किंवा रस्त्यावरच्या दुकानात उघडू नये. ते काम कंपनीच्या वर्कशॉपचं. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी मारुती, जुनी जीप यांना हा धोका नाही.

आधी बॅटरीचं अर्थचं टोक काढा. हॉर्नचं पॅड किंवा मधलं बटण काही मॉडेलांत दाबून बसवलेलं असतं, काहींत चाकाच्या आऱ्यांच्या मागून स्क्रू असतात. मागचे स्क्रू न बघता पुढून पेचकस घालून पॅड उचकटणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई. मे महिन्यात अकोला-वाशीम पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत त्याहून जास्त. असे कित्येक उन्हाळे सोसलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. ब्रश वीस रुपयांचा, पण मूळ पॅड तुटलं तर ते शोधायला महिने जातात.

पॅड निघालं की आत काय दिसेल? मधोमध कॉलमचा मोठा नट. त्याभोवती एक किंवा तीन छोट्या स्प्रिंग, पत्र्याची संपर्क-तबकडी आणि तिला जोडलेली एक बारीक वायर. सगळ्यावर काळपट, घट्ट झालेल्या ग्रीसचा आणि काळ्या मातीच्या धुळीचा लेप. हा लेपच पुष्कळदा गुन्हेगार असतो. चासीचं ग्रीस वीज वाहू देत नाही आणि धूळ धरून ठेवतं. पूर्वी कोणीतरी ‘घासत होतं’ म्हणून भरपूर ग्रीस भरलेलं असतं, आणि दोन-तीन वर्षांनी त्याचा परिणाम दिसतो.

पेट्रोलमध्ये किंचित ओलं केलेलं फडकं घेऊन सगळं पुसा. तबकडीवर काळे डाग असतील तर बारीक, चारशे नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, पितळ चमकेपर्यंत. स्प्रिंग दबून आखूड झाली असेल तर ती थोडी ताणून काम भागतं, पण नवी घालणं बरं. वायरचं टोक ओढून बघा. वरून रबर शाबूत आणि आतून तांबं तुटलेलं, ही जुन्या वायरची नेहमीची गत आहे.

आता बॅटरी जोडा आणि त्या बारीक वायरचं टोक कॉलमच्या नटला टेकवा. हॉर्न वाजला तर दोष बटणात होता. वाजला नाही, तर एक वेगळी वायर घेऊन तेच टोक बॅटरीच्या अर्थला थेट जोडा. आता वाजला, तर वायर आणि ब्रश दोन्ही ठीक आहेत, कॉलमलाच अर्थ मिळत नाही. हा दोष इतका फसवा आहे की चांगले मिस्तरीही त्यात तासन् तास घालवतात. कॉलम रबरी बुशांवर बसलेला असतो आणि खाली स्टेअरिंग बॉक्सकडे जाताना काही गाड्यांत रबराचा किंवा कापडी कपलिंग येतो. अर्थ तिथे तुटतो. मूळ गाडीत त्या कपलिंगवरून तांब्याची पट्टी किंवा वायर दिलेली असते. आधीच्या कुठल्यातरी कामात ती निघालेली असते आणि परत बसवलेली नसते. पन्नास ते शंभर रुपयांची विणलेली अर्थ-पट्टी तिथे बसली की हॉर्न कायमचा बरा होतो.

थेट अर्थ दिल्यावरही वाजत नसेल, तर ब्रश आणि रिंग बघायला चाक काढावं लागतं. इथे मजुरी वाढते आणि इथेच नुकसानही होतं. पुढची चाकं सरळ ठेवावीत. कॉलमच्या दांड्यावर आणि चाकाच्या मधल्या हबवर एका रेषेत खडूने किंवा रंगाने खूण करावी, नाहीतर परत बसवल्यावर चाक वाकडं दिसतं आणि इंडिकेटर वेळेवर बंद होत नाही. नट सैल करावा, पण शेवटचे दोन-तीन आटे राहू द्यावेत, म्हणजे चाक झटक्यात सुटून तोंडावर येणार नाही. चाक पुलरनेच काढावं. दांड्यावर हातोडा मारणारा मिस्तरी दिसला तर त्याला तिथेच थांबवा. दांड्याचे आटे बसले किंवा कॉलमचं बेअरिंग गेलं, तर हॉर्नचं काम स्टेअरिंगचं काम होऊन बसतं. पुलर नसेल तर दुसरं दुकान बघा. ट्रकची कामं करणाऱ्यांकडे तो सहसा असतोच.

ब्रश झिजून रिंगपर्यंत पोचत नसेल आणि मूळ मापाचा मिळत नसेल, तर मिक्सरच्या मोटरचा कार्बन पॉलिश पेपरवर घासून मापाला आणता येतो. वीस-चाळीस रुपयांत जोडी मिळते. कार्बन मऊ असल्यामुळे तो स्वतः झिजतो आणि रिंग वाचवतो. ही युक्ती मला पूर्ण मान्य आहे, कारण तिने गाडीत काहीही कापलं किंवा बदललं जात नाही. बसवताना रिंगवर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवावा, त्याहून जास्त काही नको.

लक्षणं वेगळी असतील तर

चाक वळवतानाच हॉर्न वाजत असेल तर कॉलममधली वायर सोलून बॉडीला लागते आहे किंवा रिंग हलली आहे. विशिष्ट कोनातच वाजत नसेल तर रिंगचा तेवढा भाग झिजला किंवा काळा पडला आहे. हॉर्न सतत वाजत सुटला तर घाबरून बटण आपटू नका, फ्यूज काढा किंवा हॉर्नची वायर ओढा, आणि मग बघा: चिकटलेला रिले किंवा बॉडीला लागलेली वायर, दोनपैकी एक निघेल. बटण दाबताक्षणी फ्यूज उडत असेल तर हॉर्नच्या आत शॉर्ट आहे, किंवा रिले असलेल्या गाडीत रिलेपासून हॉर्नपर्यंतची वायर कुठेतरी घासली आहे.

आवाज घोगरा किंवा बारीक येत असेल तर मल्टिमीटर लावून, बटण दाबलेलं असताना हॉर्नच्या दोन टोकांवर किती व्होल्ट येतात ते बघा. बॅटरीवर साडेबारा आणि हॉर्नवर नऊ-दहा दिसले, तर वायर किंवा जोड मधेच व्होल्ट खातो आहे. नवा हॉर्नही तिथे तसाच रडेल. व्होल्ट पूर्ण मिळत असूनही आवाज वाईट असेल तर हॉर्नच्या पाठीवरचा छोटा स्क्रू पाव-पाव आट्याने फिरवून सूर लावता येतो. आणखी एक बघा. हॉर्न लवचिक पोलादी पट्टीवर टांगलेला असतो. कोणी पट्टी काढून तो थेट बॉडीला आवळला असेल, तर त्याच्या पडद्याला थरथरायला जागाच उरत नाही.

दर

पुढचे आकडे ढोबळ आहेत. गाव, ब्रँड आणि गाडी यांप्रमाणे ते बदलतील, पण सांगितलेला दर यांच्या दुप्पट-तिप्पट असेल तर कारण विचारायला हवं.

महामार्गाच्या गावातला ऑटो इलेक्ट्रिशियन नुसत्या तपासणीचे शंभर ते दोनशे रुपये घेतो. फ्यूज, टोकं, अर्थ साफ करणं यातच येतं. पॅड उघडून बटण आणि स्प्रिंग दुरुस्त करायला दीडशे ते तीनशे. चाक काढून ब्रश-रिंगचं काम तीनशे ते आठशे, आणि त्यात तास-दीड तास सहज जातो. कॉलममधली वायर नव्याने ओढायची तर चारशे ते हजार. चार किंवा पाच पिनांचा बारा व्होल्टचा रिले ऐंशी ते अडीचशेला मिळतो, बेस आणि वायरसकट बसवून घ्यायला एकूण तीनशे ते सहाशे. नव्या हॉर्नची जोडी पाचशे ते बाराशेत चांगल्या ब्रँडची येते. कोइम्बतूरच्या रूट्ससह मिंडा, बॉश ही नावं गावोगावी मिळतात. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे २८ टक्के लावलेलं नवं बिल कोणी दाखवलं तर ते दुरुस्त करून मागा.

खरा भाव चढतो तो मूळ भागांचा. पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली कंपनी, कुर्ल्याला तिचा कारखाना होता, आणि ती गाडी बंद होऊन दोन दशकं उलटली. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर २०१४ मध्ये थांबली. मुंबईतल्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. त्यामुळे मूळ हॉर्न-पॅड, रिंग किंवा बटण आता जुन्या साठ्यातून किंवा भंगारात निघालेल्या गाडीतूनच मिळतं. स्थितीप्रमाणे तीनशेपासून दोन हजारांपर्यंत काहीही सांगितलं जातं. शेलूबाजारात ते मिळण्याची आशा नको. अकोल्यात विचारावं, नाहीतर पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाउस भागातली दुकानं. मागवण्याआधी आपल्या पॅडच्या पुढून-मागून फोटो पाठवा आणि मागच्या खाचांचं माप द्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पॅड बदललेलं असतं.

बेलचं बटण लावून घ्यावं का?

डॅशबोर्डच्या खाली दारावरच्या घंटीचं बटण लावून हॉर्न चालू करून देण्याची पद्धत सगळीकडे आहे. तीस-साठ रुपयांचं बटण, मजुरी धरून दीड-दोनशे. रात्रीच्या वेळी, लांबच्या प्रवासात, हे करून घेण्यात काही गैर नाही. पण दोन अटी पाळा. रिले नसलेल्या गाडीत हे बटण आठ-दहा अँपिअर पेलत नाही, ते वितळतं. त्यामुळे रिलेशिवाय लावू नका. आणि स्टेअरिंगची मूळ वायर कापू देऊ नका. ती काढून, टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवायला सांगा. कापलेल्या वायरी आणि जागोजागचे जोड ही जुन्या गाडीची किंमत उतरवणारी गोष्ट आहे, आणि पुढच्या प्रत्येक दोषाचं निदान त्यामुळे महाग होतं. शिवाय आणीबाणीत हात सवयीने चाकाच्या मध्यावर जातो, डॅशबोर्डखाली नाही. त्यामुळे हा उपाय घरी पोचेपर्यंतचाच.

शोभेचं छोटं स्टेअरिंग बसवून घेणाऱ्यांनाही हेच सांगणं. नवं चाक, त्याचा हब, नवं बटण असे दोन-चार हजार जातात आणि पुष्कळदा हॉर्नची रिंग जुळतच नाही. मूळ चाक दुरुस्त करणं स्वस्त आणि गाडीच्या दृष्टीने योग्य.

आरटीओ आणि दंड

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ भरून नूतनीकरण करावं लागतं आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क ५,००० रुपये झालं आणि २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांवरच्या मोटारीला ते १०,००० झालं. एवढे पैसे भरून गाडी वाशीमला नेली आणि हॉर्नपायी परत पाठवली गेली, तर डिझेल-पेट्रोल आणि दिवस दोन्ही वाया. तपासणीच्या आदल्या आठवड्यात हॉर्न, दिवे, वायपर बघून ठेवा. ५० वर्षांवरच्या गाडीसाठी जुलै २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे: नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, हे अर्ज करण्याआधी समजून घ्या.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम ११९ सांगतो की गाडीला पुरेसा इशारा देणारा हॉर्न हवा, पण एकामागून एक सूर काढणारा किंवा कर्कश नको. म्हणून जुना हॉर्न गेला म्हणून ट्रकचा प्रेशर हॉर्न बसवू नका. ध्वनीची मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवल्यास कलम १९४-फ खाली पहिल्यांदा १,०००, पुढे २,००० रुपये.

बिल मागा

काम सुरू होण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या: तपासणीचे पैसे किती आणि दोष सापडल्यावर पार्ट बदलण्याआधी विचारणार का. ओळखीतल्या माणसाशी हे बोलायला संकोच वाटतो, पण आधी ठरलेलं असलं की नंतर कुरबूर होत नाही. काढलेला पार्ट परत मागा. तो गाडीत ठेवा, जुन्या गाडीत काहीच निरुपयोगी नसतं.

पार्टचं बिल घ्या, छोटं असलं तरी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मागूनही बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘इलेक्ट्रिकचा माल परत नाही’ ही पाटी या तरतुदीपुढे टिकत नाही. नवा रिले आठवड्यात जळला, तर तो आणि बिल घेऊन दुकानात जा आणि शांतपणे बदलून मागा. बहुतेक दुकानदार बदलून देतात. नाहीच दिला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि त्यापुढे वाशीमचा जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.